भार तोच, तरी सांधा पुन्हा ढिला: क्रीप ओळखायचा कसा आणि आवरायचा कसा

तक्रार साधारण अशी असते. फ्लँजमधून (दोन पाइपांच्या टोकांच्या चकत्या बोल्टने जोडलेला सांधा) गळती झाली, नट आवळले, गळती थांबली. काही आठवड्यांनी तिथेच पुन्हा ओल दिसली. पुन्हा आवळले. मग दोन चकत्यांमधलं गळतीरोधक गॅस्केट बदललं, नवे बोल्ट घातले, तरी तेच. दाब वाढलेला नाही, तापमान रोजचंच, कुणी सांध्याला हात लावलेला नाही. अखेर खापर फिटरच्या डोक्यावर फुटतं.

हीच तक्रार इतर रूपांतही भेटते. पॅनेलमधलं एकच टर्मिनल सारखं गरम होतं. प्लॅस्टिकच्या हाउसिंगवरचे स्क्रू सैल पडतात. पुस्तकांची फळी वर्षभरात पोक काढते. नव्या इमारतीत स्लॅबखालचं दार दोन वर्षांनी चौकटीत अडकू लागतं. सगळीकडे भार तोच आहे आणि आकार मात्र हळूहळू बदलतो आहे, म्हणून संशय क्रीपवर, म्हणजे सततच्या भाराखाली सामान हळूहळू कायमचं सरकत जाण्यावर, जातो. पण संशयावरून सुटा भाग बदलायला घेऊ नका. आधी खात्री करा, कारण ढिलेपणाची इतर कारणंही बाहेरून अशीच दिसतात आणि त्यांचे उपाय वेगळे असतात.

आधी क्रीपच आहे का ते पाहा

सर्वांत स्वस्त चाचणी रंगाची. आवळून झाल्यावर नट, बोल्टचं टोक आणि फ्लँज यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी सांधा ढिला सापडला आणि रेघ तुटलेली असली, तर नट फिरला आहे. म्हणजे कंपन किंवा आडवी हालचाल, आणि तिथे क्रीपचा उपाय करून काही साधणार नाही. रेघ जशीच्या तशी आणि तरी पकड गेलेली, तर बोल्टच्या पकडीतलं काहीतरी बारीक झालं आहे किंवा बोल्टनेच ताण सोडला आहे.

काहीतरी बारीक होणं म्हणजे लगेच क्रीप असंही नाही. रंगाचे थर, खरबरीत पृष्ठभाग, वॉशरखालची बर (कापताना राहिलेली धातूची कड) या गोष्टी पहिल्या काही तासांत दबून बसतात आणि मग थांबतात. जादा भाराने भाग कायमचा वाकला असेल, तर तो भार आला त्याच क्षणी वाकतो. महिनाभर थांबून वाकत नाही. सगळ्यांत फसवं कारण तापमानाच्या चढउताराचं आहे: बोल्ट आणि फ्लँज वेगवेगळ्या वेगाने तापतात, वेगवेगळे प्रसरण पावतात आणि प्रत्येक चालू-बंदला सांधा थोडी पकड गमावतो. हे ओळखायला नोंदवही लागते. ढिलेपणा चालू तासांच्या हिशेबाने वाढत असेल तर क्रीप, चालू-बंदच्या संख्येने वाढत असेल तर तापमानाचं चक्र. दोन्ही मिसळलेले असतात हेही खरं, पण कोणता हिस्सा मोठा ते कळतं.

शक्य असेल तिथे डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लावा, नाहीतर एक पक्का संदर्भबिंदू धरून पट्टीने मोजा. मोजण्याच्या वेळा सारख्या अंतराने ठेवू नका. १ तास, १० तास, १०० तास, १००० तास अशा ठेवा. क्रीपचा पहिला टप्पा सुरुवातीला वेगाने चालतो आणि मंदावत जातो. दुसऱ्या टप्प्यात वेग जवळपास स्थिर राहतो, म्हणजे आलेख काढला तर साध्या कालाक्षावर त्याची रेघ सरळ येते. तिसऱ्यात वेग वाढू लागतो आणि शेवट तुटण्यात होतो. आलेखाची रेघ वर वळलेली दिसली की कारणमीमांसा नंतर, आधी भार उतरवा.

वेग का वाढतो याचं एक कारण साधं आहे. भार स्थिर असला तरी भाग बारीक होत जातो, त्यामुळे त्यातला ताण (दर क्षेत्रफळावरचा भार) वाढत जातो. भौतिकशास्त्रज्ञ अँड्रेड यांनी १९१० मध्ये धातूच्या तारांवर प्रयोग केले तेव्हा हे टाळायला त्यांनी खास आकाराचं वजन वापरलं. तार लांबली की ते द्रवात बुडत जाई आणि तारेवरचा भार आपोआप तेवढाच कमी होई. आपल्या सांध्यात अशी सोय नसते.

आता तापमान. धातू कोणत्या तापमानाला क्रीप होऊ लागेल याचा अंदाज त्याच्या वितळणबिंदूवरून बांधता येतो. दोन्ही तापमानं केल्विनमध्ये घ्या. चालू तापमान वितळणबिंदूच्या ०.३ ते ०.४ पटीच्या पुढे गेलं, तर क्रीप हिशेबात घ्या. शिसं ६०० केल्विनला वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानालाच ते ०.५ वर आहे. कथील-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. त्याचं गुणोत्तर खोलीतच ०.६५ च्या आसपास जातं. ॲल्युमिनियमसाठी ०.४ म्हणजे साधारण १०० अंश. साध्या कार्बन पोलादात व्यवहारात ३७० ते ४०० अंशांपासून क्रीप धरतात. तेव्हा थंड पाण्याच्या लाइनवरचा पोलादी बोल्ट क्रीप होतोय असं कुणी म्हटलं, तर बोल्ट सोडून गॅस्केटकडे बघा. प्लॅस्टिक, रबर, इपॉक्सी, लाकूड आणि काँक्रीट यांना हा नियम लागू नाही. ते खोलीच्या तापमानालाच सरकत असतात.

पुन्हा पुन्हा गळणारा फ्लँज

इथे सर्वांत उपयोगी माहिती फुकट मिळते आणि जवळपास कुणी ती लिहून ठेवत नाही: प्रत्येक वेळी आवळताना नट किती फिरला. त्याच टॉर्कपर्यंत (पान्याच्या पिळापर्यंत) यायला पहिल्यांदा नट पाव फेरा फिरला, दुसऱ्यांदा त्याच्या निम्मा, तिसऱ्यांदा जेमतेम हलला, तर गॅस्केटचा पहिला टप्पा संपत आला आहे आणि सांधा स्थिरावतो आहे. याउलट प्रत्येक वेळी तेवढाच फिरत असेल, तर गॅस्केट बाहेर सरकतं आहे किंवा बोल्ट ताण सोडत आहेत. ते कितीही वेळा आवळून थांबणार नाही. गॅस्केट काढून बघा: आतल्या कडेला ते पाइपच्या भोकात पसरलेलं किंवा एका बाजूला पातळ झालेलं दिसेल.

थोडक्या सरकण्याने एवढी पकड का जाते, ते एकदा आकड्यांत पाहायला हवं. पोलादी बोल्टमध्ये ३०० मेगापास्कल ताण दिला, तर तो ०.१५ टक्के लांबतो. बोल्टची ताणाखालची लांबी १०० मिमी असेल, तर ही वाढ फक्त ०.१५ मिमी. सांध्याची सगळी पकड एवढ्याशा लांबीत साठवलेली असते. गॅस्केट ०.०५ मिमी दबलं की ढोबळमानाने एक तृतीयांश पकड गेली. तेच गॅस्केट, पण बोल्टची लांबी २५० मिमी असेल, तर मूळ वाढ ०.३७५ मिमी होते आणि तेवढ्याच दबण्याने सातवा-आठवा हिस्सा जातो. आखूड, जाड बोल्टचे सांधे जास्त त्रास देतात ते यामुळे. नटाखाली लांब स्लीव्ह घालून बोल्ट लांब करणं किंवा डिस्क स्प्रिंग वॉशर (बशीच्या आकाराचा, स्प्रिंगसारखा दबणारा) बसवणं, या दोन्ही उपायांचा अर्थ एकच: सरकण्यासाठी साठा वाढवणं. डिस्क स्प्रिंग मात्र बोल्टच्या भाराला साजेशी हवी. कपाटात सापडली ती बसवली, तर ती पूर्ण चपटी होते आणि नुसता वॉशर उरतो.

गॅस्केटच्या बाजूने पहिला बदल जाडीचा करा. फ्लँजचे चेहरे सपाट आणि समांतर असतील, तर ३ मिमीऐवजी १.५ मिमी घ्या. तेवढ्याच ताणाखाली सरकायला निम्मंच सामान उरतं. जाड गॅस्केट वाकडा फ्लँज झाकतं म्हणून लोकांना आवडतं आणि तेच नंतर महिनोन्महिने छळतं. शुद्ध पीटीएफई (टेफ्लॉन) रसायनांना जुमानत नाही, पण दाबाखाली ते चक्क वाहतं. त्याऐवजी भरण घातलेलं पीटीएफई किंवा विस्तारित पीटीएफई घ्या, नाहीतर खाच असलेला फ्लँज वापरा, म्हणजे त्याला बाहेर पळायला जागाच राहत नाही.

आवळण्याची पद्धत: समोरासमोरचे बोल्ट घेत ३० टक्के, ७० टक्के, १०० टक्के अशा फेऱ्या, मग गोल फिरत शेवटची फेरी. त्यानंतर पीटीएफईसारख्या गॅस्केटला निदान चार तास विसावू द्या आणि लाइन तापवण्याआधी पुन्हा एकदा त्याच टॉर्कला या. हे एकदाचं पुन्हा आवळणं योग्यच आहे, ते पहिल्या टप्प्याची घट भरून काढतं. रबर-बंधक असलेलं तंतूचं गॅस्केट एकदा तापून कडक झालं, की त्यानंतर आवळणं बहुधा नुकसानीचं ठरतं, कारण ते चिरतं. दाब असलेल्या चालू लाइनवर पाना लावून गळती थांबवायची सवय तर मोडलीच पाहिजे.

गरम लाइनवर मात्र दोष खुद्द बोल्टचा असू शकतो. लांबी तीच राहते, पण लवचीक लांबण्याचं हळूहळू कायमच्या लांबण्यात रूपांतर होतं आणि ताण उतरतो. बी७ प्रतीचे बोल्ट ४०० अंशांच्या वर हे ठळकपणे करू लागतात. तिथे व्हॅनेडियम असलेले बी१६ घेतात. खात्री करायची तर बोल्ट बसवण्याआधी आणि थंड झाल्यावर पूर्ण सोडून, मोकळ्या अवस्थेत त्याची लांबी मोजा. मोकळा बोल्ट आधीपेक्षा लांब भरला, तर गॅस्केटला उगाच दोष देत होतात.

टर्मिनल आणि प्लॅस्टिक

बहुपदरी वायरच्या टोकाला सोल्डर लावून ती स्क्रू टर्मिनलमध्ये आवळली, की काम स्वच्छ दिसतं. स्क्रूखालचं सोल्डर खोलीच्या तापमानालाच सरकतं, दाब उतरतो, जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो आणि तापल्याने सोल्डर आणखी वेगाने सरकतं. म्हणून हे टर्मिनल आवळलं की बरं वाटतं आणि काही काळाने पुन्हा करपल्याचा वास येतो. सोल्डर लावलेलं टोक कापून टाका आणि फेरूल (वायरच्या टोकावरची धातूची छोटी नळी) चिमटून बसवा. ॲल्युमिनियमच्या वायरचंही दुखणं याच जातीचं आहे, वर तिच्या ऑक्साइडच्या थराची भर. तिला तिच्यासाठीच बनवलेलं टर्मिनल द्या.

प्लॅस्टिकवर स्क्रूचं डोकं थेट बसलं असेल, तर त्याखालचं प्लॅस्टिक पसरत राहणार. भोकात पातळ धातूचं बुश घाला, म्हणजे पकड धातूवरून धातूवर जाईल आणि प्लॅस्टिकवर फक्त जागेवर ठेवण्याचं काम राहील. नायलॉन असेल तर हवेतल्या ओलाव्याचाही विचार करा. ते ओलावा शोषून मऊ होतं आणि पावसाळी हवेत जास्त सरकतं.

आकड्यांची फसगत प्लॅस्टिकमध्ये सर्वांत जास्त होते. पाण्याच्या पाइपसाठी वापरतात ते पीई१०० प्रतीचं पॉलिथिलीन घ्या. २० अंशांना ५० वर्षांसाठी त्याची हमी १० मेगापास्कल ताणाची असते. थोड्या मिनिटांच्या ताणचाचणीत हेच सामान त्याच्या दुपटीहून जास्त सोसतं. माहितीपत्रकात ठळक छापलेला असतो तो हा थोड्या मिनिटांचा आकडा. सततच्या भारासाठी पुरवठादाराकडून तुमच्या तापमानाचा, १०,००० तासांचा क्रीप मॉड्युलस (तेवढ्या वेळाच्या भारानंतर उरणाऱ्या ताठपणाचं माप) मागा. तो नाही म्हणाला, तर सामान बदला किंवा पुरवठादार.

गरम नळ्या: अंशांचा हिशेब

बॉयलर किंवा भट्टीतली एकच नळी वर्षानुवर्षं त्याच जागी फुटत असेल, तर फुटलेली कड बघा. कड सुरीसारखी पातळ आणि नळी फुगलेली, तर थोड्या वेळाचं तीव्र तापणं, बहुधा प्रवाह अडल्यामुळे. कड जाड, फुगवटा कमी आणि भोवती नळीच्या लांबीच्या दिशेने बारीक भेगा, तर ती दीर्घकाळाची क्रीप आहे. दोन्हींवर एकच उपाय लावणं, म्हणजे नळी कापून तशीच नवी घालणं, हा वेळेचा अपव्यय आहे.

क्रीपचं आयुष्य तापमानाला किती हळवं असतं ते लार्सन आणि मिलर यांच्या १९५२ च्या सूत्रावरून दिसतं. केल्विनमधलं तापमान गुणिले, २० अधिक तासांचा दशमान लॉगरिदम. एका ताणासाठी हा गुणाकार स्थिर मानायचा. ५५० अंशांना १,००,००० तास टिकणारी नळी घ्या. गुणाकार सुमारे २०,५७५ येतो. आता धातूचं तापमान फक्त १५ अंशांनी वाढवा. आयुष्य साधारण ३५,७०० तासांवर येतं, जवळपास एक तृतीयांश. स्थिरांक २० हा सरासरीचा आहे, म्हणून आकड्याला चिकटू नका, पण प्रमाण ध्यानात ठेवा.

आणि हे तापमान धातूचं, वाफेचं नव्हे. कंट्रोल रूममधला काटा वाफेचं दाखवतो. नळीच्या आतल्या बाजूला ऑक्साइडचा थर जमतो, तो उष्णता अडवतो आणि वाफ तेवढीच असताना धातू अधिक तापतो. त्यामुळे थराची जाडी मोजा, नळीचा व्यास दर बंदच्या वेळी त्याच जागी मोजा, आणि ज्वाळा त्या नळीवर आपटते का ते पाहा. ताणाचा परिणामही सरळ प्रमाणात नव्हे तर घाताने होतो. क्रीपचा वेग ताणाच्या पाचव्या घाताने बदलत असेल, तर ताण १० टक्के वाढला की वेग ६० टक्के वाढतो. गंजून पातळ झालेल्या भिंतीचा अर्थ यावरून कळेल.

एक सापळा: जास्त मजबूत पोलाद घालू, असं ठरवताना खोलीच्या तापमानाची मजबुती बघितली जाते. उच्च तापमानात ती जवळपास निरुपयोगी. बारीक कणांचं पोलाद थंडीत मजबूत ठरतं, पण उष्णतेत कणांच्या सीमा हीच सरकण्याची वाट असते. जेट इंजिनाची पाती एकस्फटिकी, म्हणजे कणांच्या सीमाच नसलेली, घडवतात ती याच कारणाने.

स्लॅब, तुळई, फळी

काँक्रीटमध्ये क्रीप हा दोष नसून स्वभाव आहे, प्रश्न फक्त किती. एसीआय ३१८ या अमेरिकी काँक्रीट संहितेत दाबाच्या बाजूला सळई नसलेल्या तुळईचा दीर्घकालीन जादा झोल तत्काळ झोलाच्या १ पट ३ महिन्यांत आणि २ पट ५ वर्षांत धरतात. म्हणजे आज १० मिमी झुकलेली तुळई अखेर ३० मिमीवर जाऊ शकते आणि जादा झोलाचा निम्मा भाग पहिल्या ३ महिन्यांतच उतरतो. आयएस ४५६ या भारतीय संहितेप्रमाणे क्रीप गुणांक (क्रीपमुळे होणारा बदल तत्काळ बदलाच्या किती पट) ७ दिवसांच्या काँक्रीटवर भार आला तर २.२, २८ दिवसांना १.६, वर्षाने १.१. टेकू लवकर काढण्याची किंमत या तीन आकड्यांत आहे.

दार अडकतंय, विटांच्या आडभिंतीला तिरकी चीर गेलीय, अशी तक्रार आली की लेव्हलने चार-पाच बिंदू नोंदवा आणि काही महिन्यांनी पुन्हा. वेग मंदावत असेल तर चीर बुजवायला थांबा, आता बुजवली तर पुन्हा उघडेल. सर्वांत वाईट दुरुस्ती म्हणजे झोलावर वरून जाड थर ओतून फरशी सपाट करणं. तो थर कायमचा भार आहे आणि झोल वाढवतो. दीर्घकालीन झोलाचा अंदाज चुकला तर काय होतं, याचं मोठं उदाहरण पॅसिफिकमधल्या पलाऊ देशातला कोरोर–बाबेलदाओब पूल. २४१ मीटर गाळ्याचा हा काँक्रीट पूल १९७७ मध्ये पूर्ण झाला, मध्यभागी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, दीड मीटरच्या घरात खचला, १९९६ मध्ये केबल ताणून दुरुस्त झाला आणि त्यानंतर तीनेक महिन्यांत कोसळला.

लाकडाचं गणित सोपं. युरोकोड ५ या युरोपीय लाकूडकाम संहितेमध्ये कोरड्या जागेतल्या सलग लाकडासाठी जादा झोल ०.६ पट, सतत ओल्या-सुक्या होणाऱ्या जागी २ पट. भुशाच्या बोर्डाचा याहून बराच जास्त. पोक काढलेली फळी उलटी केली तर ती आधी सरळ होते, मग दुसऱ्या बाजूला झुकते. जाडी १८ वरून २५ मिमी केली तर झोल अडीच पटींहून जास्त घटतो. मध्ये एक आधार दिला तर त्याहूनही.

इपॉक्सीने बसवलेले अँकर

छताला टांगलेला भार इपॉक्सी गोंदाने काँक्रीटच्या भोकात रोवलेल्या बोल्टवर, म्हणजे अँकरवर, असेल, तर वरचं सगळं सोडून आधी हे तपासा. १० जुलै २००६ रोजी बॉस्टनच्या आय-९० जोडबोगद्यात छताचे काँक्रीट पॅनेल कोसळून मोटारीतल्या एका महिलेचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण दिलं ते असं: वापरलेलं लवकर सुकणारं इपॉक्सी सततच्या ओढीखाली सरकत राहिलं. अँकर बसवताना ओढून तपासले होते आणि ते पास झाले होते, कारण ती तपासणी थोड्या वेळाची होती. १९९९ मध्ये याच प्रकल्पात काही अँकर खाली सरकलेले दिसले होते. ते पुन्हा बसवले, पुन्हा ओढून तपासले आणि काम पुढे गेलं.

म्हणून सरकलेल्या अँकरवर पुन्हा ओढचाचणी घेऊन समाधान मानू नका. खालून टेकू द्या, लोकांची ये-जा थांबवा, शेजारच्या प्रत्येक अँकरचं डोकं प्लेटपासून किती सुटलं आहे ते फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजून नोंदवा. वापरलेल्या इपॉक्सीला सततच्या ओढीसाठी, तुमच्या छताच्या उन्हाळ्यातल्या तापमानाला मान्यता होती का, ते कागदोपत्री तपासा. नसेल, तर सरकलेले आणि न सरकलेले असा भेद न करता सगळेच बदला, आणि त्यांच्या जागी तळाशी रुंदावलेल्या भोकात अडकणारे यांत्रिक अँकर घाला. ते बदलून होईपर्यंत टेकू काढू नका.